साताऱ्याचा सिव्हिल सर्जन आणि पायातली बुरशी

ज्या घरात वैद्यकीय महाविद्यालयात जाणारे कुणी आहे, त्या घरात ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हे नाव कधी ना कधी ऐकू आलेले असते. शरीररचनेवरचे हे जाडजूड पुस्तक १८५८ साली लंडनमध्ये निघाले आणि त्याच्या आवृत्त्या आजही निघतात. हेन्री ग्रे यांचा मजकूर चांगला होताच, पण विद्यार्थ्यांनी ते डोक्यावर घेतले ते चित्रांमुळे. ही चित्रे ग्रे यांची नव्हेत. ती हेन्री वॅनडाइक कार्टर या पंचविशीतल्या डॉक्टरने काढली होती. पुस्तक लंडनच्या दुकानांत आले तेव्हा चित्रकार तिथे नव्हता. तो मुंबईत होता, आणि त्याच्यापुढे लवकरच एक कापलेला पाय येणार होता.

कार्टर यांची खरी कामगिरी त्या पायापासून सुरू होते, असे मला वाटते. भारतातल्या शेतकऱ्यांचे, गुराख्यांचे पाय वर्षानुवर्षे सडवणारा एक आजार बुरशीमुळे होतो, हे त्यांनी १८६० साली मांडले. तोपर्यंत रॉबर्ट कॉख यांचे नाव कुणी ऐकलेले नव्हते आणि रोगजंतू हा शब्दही रुळलेला नव्हता. कार्टर बरोबर होते, पण अर्धेच. त्यांच्या चुकलेल्या अर्ध्या भागाची गोष्टही तितकीच मोलाची आहे, कारण पाय वाचणार की जाणार हे आजही बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

कार्टर यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या हल गावचा. वडील हेन्री बार्लो कार्टर हे समुद्राची आणि जहाजांची जलरंगातली चित्रे काढणारे चित्रकार. मुलाच्या नावात त्यांनी वॅनडाइक हे थोर चित्रकाराचे नाव घातले, यावरून घरातले वातावरण कळते. मुलाच्या हातात पेन्सिल लहानपणीच आली, पण पोटापाण्यासाठी त्याने वैद्यक निवडले. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिक्षण झाले. त्यानंतर शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजमध्ये शरीररचनेची शिष्यवृत्ती मिळाली. तिथे त्यांना रिचर्ड ओवेन आणि जॉन क्वेकेट अशा माणसांच्या हाताखाली काम करता आले. क्वेकेट हे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहण्यात त्या काळचे नामांकित. थोडक्यात, नुसत्या डोळ्यांनी दिसते ते हुबेहूब काढायचे हे कार्टर घरात शिकले आणि डोळ्यांना न दिसणारे कसे पाहायचे हे क्वेकेट यांच्याकडे. पुढे मुंबईत या दोन्ही गोष्टी एकदमच उपयोगी पडल्या.

ग्रे आणि कार्टर यांनी शवविच्छेदने बरोबर केली. चित्रे मात्र एकट्या कार्टर यांची, तीनशे साठांहून अधिक. त्या काळी छपाईसाठी लाकडी ठोकळ्यावर चित्र कोरावे लागे आणि छापल्यावर ते सरळ दिसावे म्हणून ठोकळ्यावर उलटे काढावे लागे. कार्टर थेट ठोकळ्यावर काढत. शिवाय धमनीचे, स्नायूचे नाव त्यांनी चित्रातच, त्या त्या भागावर लिहिले. आधीच्या पुस्तकांत बारीक अंक असत आणि विद्यार्थ्याला प्रत्येक अंकासाठी तळटीप धुंडाळावी लागे. परीक्षेच्या आदल्या रात्री ही सोय काय वाटत असेल हे विद्यार्थीच सांगतील.

या कामाचे कार्टर यांना एकरकमी १५० पौंड मिळाले. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे तेवढीच रक्कम मिळायची होती. मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचे मुद्रित तपासताना ग्रे यांनी कार्टर यांचे नाव आणखी लहान टाइपात घालायला सांगितले, तो कागद आजही जपलेला आहे. ग्रे यांना त्या पुस्तकाचे वैभव फार काळ पाहता आले नाही. १८६१ साली देवीच्या रोगाने ते चौतिसाव्या वर्षी वारले. पण पुस्तकाला नाव राहिले ते त्यांचेच.

कार्टर स्वभावाने एकलकोंडे, धर्मभीरू आणि सतत स्वतःला तोलून पाहणारे होते. त्यांची रोजनिशी उपलब्ध आहे आणि ती वाचताना या गुणी माणसाला स्वतःबद्दल किती कमी भरवसा होता हे जाणवत राहते. १८५७ साली आई गेली. लंडनमध्ये वशिल्याशिवाय वर चढता येत नव्हते आणि वशिला नव्हता. त्यांनी इंडियन मेडिकल सर्व्हिसची परीक्षा दिली आणि १८५८ च्या सुरुवातीला ते हिंदुस्थानला निघाले. उठावाची धग अजून पुरती विझलेली नव्हती. मुंबईत त्यांची नेमणूक ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायला झाली आणि शेजारच्या जे. जे. रुग्णालयात सहायक सर्जन म्हणून.

इथे त्यांना तो आजार भेटला. आता आधी आजाराबद्दल.

अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायात काटा मोडतो. तो निघतो, जखम भरते, माणूस विसरतो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याच जागी एक घट्ट गाठ येते. दुखत नाही. दुखत नाही म्हणून कुणी तिच्याकडे पाहतही नाही. गाठ पसरते, पाऊल सुजून बेढब होते, कातडीवर फोडासारखे उंचवटे येतात आणि ते फुटून लहान लहान तोंडे तयार होतात. या तोंडांमधून पू येतो आणि पुवाबरोबर बारीक कण बाहेर पडतात. एक तोंड बंद होते, दुसरे उघडते. आतमध्ये रोग हाडापर्यंत पोहोचतो आणि हाड पोखरून काढतो. माणसाला ताप नसतो, भूक लागते, तो लंगडत का होईना कामावर जातो. शेवटी पाऊल टेकवणे अशक्य होते.

मदुराईच्या दवाखान्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी १८४० च्या दशकात याचे वर्णन केले आणि ‘मदुरा फूट’ हे नाव पडले. आजार अर्थात त्याआधीचा. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत हातापायांना होणारा ‘वल्मीक’ नावाचा विकार सांगितला आहे. वल्मीक म्हणजे वारूळ. गाठी आणि त्यांवरची अनेक तोंडे हे चित्र डोळ्यांपुढे आणले तर तो हाच आजार असावा, हे अभ्यासकांचे मत पटते. मदुराईचे नाव पडले तरी तो तिथलाच नव्हता. जिथे पाऊस बेताचा, जमीन कोरडी, बाभळीसारखी काटेरी झाडे फार आणि पायांत वहाणा नाहीत, त्या सगळ्या पट्ट्यात तो होता आणि आहे. दख्खन, राजपुताना, सिंध आणि तिकडे आफ्रिकेतला सुदान हे सगळे त्यातच येतात.

त्यावर उपाय एकच होता, पाय कापणे. निदान क्लोरोफॉर्म आला होता. आजार कशामुळे होतो याविषयी मात्र नुसते तर्क. कुणी क्षय म्हणे, कुणी हाड सडल्याचा परिणाम म्हणे. ते कण म्हणजे साकळलेले रक्त किंवा बदललेली चरबी असावी, असेही मत होते.

कार्टर यांनी कापलेले पाय उभे चिरून पाहिले. पावलाचा उभा छेद घेतल्यावर हाडांत आणि मांसात वाटोळ्या पोकळ्या दिसल्या, एकमेकींना बोगद्यांनी जोडलेल्या, आणि हे बोगदे थेट कातडीवरच्या तोंडांपर्यंत आलेले. पोकळ्यांत कण गच्च भरलेले. काही पायांत हे कण काळे होते, बंदुकीच्या दारूसारखे, काही ठिकाणी एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झालेले. काही पायांत ते पांढुरके, पिवळसर होते, माशाच्या गाबोळीसारखे. एका पायात एकच प्रकार. कार्टर यांनी काळा कण फोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात रक्ताचा किंवा चरबीचा मागमूस नव्हता. दिसले ते फांद्या फुटलेले, पेरेपेरे असलेले तंतू, एकमेकांत गुंतलेले आणि कणाच्या कडेला फुगीर झालेले. शिळ्या भाकरीवर येणाऱ्या बुरशीचा तंतू ज्याने पाहिला आहे त्याला हे ओळखीचे वाटले असते, फक्त तो माणसाच्या हाडात पाहायची तयारी हवी.

ही तयारी तेव्हा अगदीच नवी होती, असे मात्र नाही. जिवाणूंआधी बुरशीवरच रोगकारक म्हणून बोट ठेवले गेले होते. इटलीत ॲगोस्तिनो बासी यांनी १८३५ साली रेशमाच्या किड्यांचा एक साथीचा रोग बुरशीमुळे होतो हे दाखवले होते. पुढच्या दहा वर्षांत बर्लिन आणि पॅरिसमधल्या डॉक्टरांनी डोक्यावरच्या खवडा, गजकर्णासारख्या रोगांत बुरशी पाहिली. बुरशी जिवाणूपेक्षा कितीतरी मोठी, म्हणून त्या काळच्या साध्या भिंगांखालीही ती दिसली, हे त्याचे एक कारण. पण हे सगळे कातडी आणि केसांचे रोग. बुरशी शरीरात खोलवर जाऊन हाडे पोखरते हे कार्टर यांचे म्हणणे त्यापुढचे होते. मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी १८६० साली ते सविस्तर मांडले. मुंबईत येऊन त्यांना तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

त्या काळ्या कणात काय चालते हे आज बरेच कळले आहे. कणातल्या बुरशीला आता मदुरेला मायसेटोमॅटिस म्हणतात. तिचे घर माती. बुरशी आपल्यासारखी अन्न गिळत नाही. ती पाचक रस बाहेर सोडते, आजूबाजूचे पदार्थ विरघळवते आणि मग शोषून घेते. मातीत पालापाचोळ्यावर तिचे हेच चाललेले असते. जगात बुरशीच्या लाखो जाती असूनही माणसाला त्रास देणाऱ्या अगदी थोड्या, कारण बहुतेकींना आपल्या शरीराची ३७ अंशांची ऊब सोसत नाही. मदुरेलाला सोसते. काट्याबरोबर ती कातडीखाली ढकलली जाते. आता शरीराच्या पांढऱ्या पेशी तिच्यावर चालून येतात. अशा वेळी ती पळत नाही किंवा झपाट्याने पसरतही नाही. ती किल्ला बांधते. तंतू एकमेकांत गुंतवून ती त्यांच्याभोवती सिमेंटसारखा कठीण थर तयार करते आणि त्यात मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य भरते. आपल्या कातडीला आणि केसांना रंग देणारे द्रव्य याच जातीचे. कणाचा काळा रंग तो हा. पांढऱ्या पेशी या भिंतीशी डोके आपटतात, मरतात, त्यांचा पू होतो. औषधालाही ही भिंत सहज ओलांडता येत नाही. शरीर मग बाहेरून आपली तटबंदी उभारते, तंतुमय ऊतींची, आणि गाठ घट्ट लागते ती त्यामुळे. म्हणजे पायाची जी सूज दिसते ती बुरशीपेक्षा या न संपणाऱ्या वेढ्याचीच जास्त असते.

कार्टर यांना यातले फक्त तंतू दिसले होते. ते तंतू कणाच्या बाहेर वाढवून दाखवणे ही पुढची पायरी, आणि नेमके इथे पाऊल घसरले. बाटलीत ठेवलेल्या एका नमुन्यावर त्यांना सुंदर गुलाबी बुरशी वाढलेली दिसली. त्यांनी ती इंग्लंडमध्ये माइल्स बर्कली यांच्याकडे पाठवली. बर्कली हे पेशाने पाद्री आणि बुरशीशास्त्रातले त्या देशातले सर्वांत मोठे नाव. आयर्लंडच्या दुष्काळात बटाट्याचा करपा बुरशीमुळेच होतो, असे १८४६ साली ठामपणे मांडणारे तेच. बर्कली यांनी गुलाबी बुरशीला नवी जात ठरवून तिचे नाव ‘कायोनिफी कार्टराय’ ठेवले. कार्टर यांचे नाव शास्त्रात आले, पण ती बुरशी रोगाची नव्हतीच. हवेतून येऊन बाटलीत पडलेली ती एक उपरी पाहुणी होती. जंतू शुद्ध स्वरूपात, इतरांची भेसळ न होऊ देता वाढवण्याची कॉख यांची पद्धत यायला अजून वीस वर्षे होती. तोवर बाटलीत उगवेल ते आपलेच, असे समजण्याचा मोह कुणालाही व्हावा. (बर्कली यांच्या करप्याच्या जंतूलाही पुढे शास्त्रज्ञांनी खऱ्या बुरशींच्या गणातून बाहेर काढले. पण रोग त्याच्यामुळे होतो हे बर्कली यांचे म्हणणे टिकले.)

घरात याच काळात सगळे बिघडले होते. १८५९ मध्ये कार्टर यांनी मुंबईत हॅरिएट बुशेल यांच्याशी लग्न केले. लग्नानंतर पत्नीच्या पूर्वायुष्याबद्दल जे बाहेर आले त्याने हा धार्मिक वृत्तीचा माणूस पार हादरून गेला. एक मुलगी झाली, आणि पुढे दोघे वेगळे राहू लागले. १८६३ मध्ये कार्टर मुंबई सोडून सिव्हिल सर्जन म्हणून साताऱ्याला गेले. छत्रपतींचे सातारा राज्य खालसा होऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. कॉलेज नाही, सहकारी नाहीत, जवळ ग्रंथालय नाही. दुसऱ्या एखाद्याने अशा ठिकाणी शिकारीचा नाद लावून घेतला असता. कार्टर यांनी सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवला नाही. साताऱ्यात ते १८७२ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षे राहिले आणि कुष्ठरोगाचा आणि या पायाच्या आजाराचा अभ्यास करत राहिले.

त्या अभ्यासातून १८७४ साली लंडनमध्ये त्यांचे पुस्तक निघाले. भारतातला बुरशीरोग असे त्याचे नाव, आणि त्यात आजाराला त्यांनी दिलेला शब्द होता मायसेटोमा. ग्रीकमध्ये मायकीस म्हणजे बुरशी आणि ओमा म्हणजे गाठ. ‘मदुरा’ हे एका गावाचे नाव आजाराला चिकटवणे त्यांना चूक वाटत होते, कारण आजार देशभर होता. चित्रे अर्थातच त्यांची स्वतःची. यावेळी पुस्तकावर लेखक म्हणून त्यांचेच नाव होते आणि ते लहान टाइपात घालायला सांगणारे कुणी नव्हते. पण हे पुस्तक वाचणारे किती असणार!

लगेच दुसऱ्याच वर्षी कलकत्त्याहून टीका आली. टिमोथी लुइस आणि डेव्हिड कनिंगहॅम हे सरकारी नोकरीतले दोन कसलेले संशोधक. त्यांनी गुलाबी बुरशीचा दावा मोडीत काढला. तिचा आजाराशी संबंध सिद्ध होत नाही, आणि पांढुरक्या कणांत तर बुरशी दाखवताच येत नाही, असा त्यांचा सूर होता. त्यांचे हे आक्षेप रास्त होते. लुइस आणि कनिंगहॅम यांना खलनायक करण्याचे काही कारण नाही. पुराव्यावर बोट ठेवणे हे त्यांचे काम होते. मात्र त्यामुळे काळ्या कणांतले तंतू खोटे ठरत नव्हते. ते तिथे होते, आणि कार्टर यांनी ते काढून दाखवले होते.

आणि पांढुरके कण? १८९० नंतर उत्तर मिळू लागले. १८९४ साली व्हिन्सेंट या फ्रेंच डॉक्टरांनी अल्जीरियातल्या रुग्णाच्या पांढुरक्या कणांतून जंतू वाढवला. तोही तंतुमय होता, फांद्या फुटलेला होता, पण त्याचा तंतू बुरशीच्या तंतूपेक्षा कितीतरी बारीक होता. पुढे कळले की तो बुरशी नव्हेच, तो बुरशीसारखा दिसणारा जिवाणू. ॲक्टिनोमायसीट्स म्हणतात त्या कुळातला. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले गुणकारी औषध ज्या मातीतल्या जंतूपासून मिळाले तो याच कुळातला, हे जाता जाता. १९१३ मध्ये पिनॉय यांनी मायसेटोमाचे सरळ दोन भाग केले, एक खऱ्या बुरशीचा आणि एक या जिवाणूंचा. कार्टर यांनी १८६० मध्ये रंगावरून जे दोन ढीग वेगळे ठेवले होते, त्यांच्यामध्येच ही सीमारेषा बहुतांशी पडली. दोन्ही ढिगांना एकच नाव दिले ही त्यांची चूक, पण ढीग त्यांनी मिसळले नाहीत.

बाहेरून दोन्ही पाय सारखेच दिसतात. उपचार मात्र अगदी वेगळे. जिवाणूंमुळे झालेल्या मायसेटोमावर प्रतिजैविके चालतात. कोट्रायमॉक्साझोल आणि अमिकॅसिन यांसारखी औषधे काही महिने नेटाने घेतली तर पाय बहुधा वाचतो. बुरशीच्या प्रकारावर ही औषधे काहीच करत नाहीत. बुरशी उत्क्रांतीत जिवाणूंपेक्षा प्राण्यांना जवळची, त्यामुळे तिच्या पेशी बऱ्याच बाबतींत आपल्यासारख्या असतात, आणि आपल्याला इजा न करता तिला मारणारी औषधे मोजकीच आहेत. इट्राकोनाझोल वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ द्यावे लागते, जोडीला शस्त्रक्रिया, आणि एवढे करून आजार उलटतो. गाठ लहान असतानाच पूर्ण काढली तर गोष्ट वेगळी. म्हणून पायावर न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ असेल, त्यातून पाण्यासारखा स्राव किंवा पू येत असेल, तर पट्टीवर पडलेले कण धुऊन टाकू नयेत. ते स्वच्छ बाटलीत घालून डॉक्टरांकडे न्यावेत आणि काटा कधी लागला होता हेही सांगावे. काळा रंग बहुधा बुरशीकडे बोट दाखवतो, लाल बहुधा जिवाणूकडे. पांढरे कण दोन्हींचे असू शकतात, म्हणून नुसत्या रंगावर न थांबता कणाची आणि ऊतीच्या तुकड्याची तपासणी लागतेच. एक्स-रे किंवा एमआरआयने हाडापर्यंत काय झाले ते कळते. चप्पल-बूट घालणे हा प्रतिबंधाचा सगळ्यात स्वस्त उपाय, हे वेगळे सांगायला नको. तरी रानात काम करणारे हात आणि डोक्यावर-पाठीवर काटेरी मोळ्या वाहणाऱ्यांचे खांदेही यातून सुटत नाहीत.

हा आजार गरिबांचा, खेड्यातला, जीव पटकन न घेणारा. त्यामुळे कुणाच्याच यादीत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत घेतले ते २०१६ मध्ये, म्हणजे कार्टर यांच्या लेखानंतर १५६ वर्षांनी. २०२२ मध्ये संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी केली, तीत मायसेटोमाच्या बुरशींना ‘उच्च’ गटात जागा मिळाली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे म्युकरमायकोसिसने धुमाकूळ घातला होता. त्या म्युकरच्या बुरशीही याच गटात आहेत.

कार्टर यांची मायसेटोमानंतरची वर्षेही रिकामी गेली नाहीत. १८७३ मध्ये ते नॉर्वेला गेले, कुष्ठरोगाची तिथली व्यवस्था पाहिली आणि सरकारला अहवाल दिला. गेरहार्ड हॅन्सन यांनी तिथे कुष्ठरोगाचा जिवाणू पाहिला तो याच वर्षी. परत आल्यावर काठेवाडात कुष्ठरोग्यांची पाहणी, मग मुंबईचे गोकुळदास तेजपाल रुग्णालय. दख्खनच्या मोठ्या दुष्काळात, १८७७ मध्ये, उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि त्यांच्याबरोबर उलटून येणाऱ्या तापाची साथ आली. कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळणारे जंतू पाहिले, माकडांना तोच ताप आणून दाखवला आणि या कामात स्वतःही त्या तापाने आजारी पडले. त्यावरच्या त्यांच्या पुस्तकाला १८८२ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे पारितोषिक मिळाले. भारतातल्या या तापाच्या जंतूला पुढे त्यांचे नाव दिले गेले, आणि या वेळी जंतू खरा होता. लाव्हेरान यांनी शोधलेला हिवतापाचा परजीवी भारतातल्या रुग्णांच्या रक्तात आहे, ही खात्री करून देणारे पहिलेही तेच, १८८७ मध्ये. रोनाल्ड रॉस यांचे काम त्यानंतर दहा वर्षांनी.

१८८८ मध्ये ते निवृत्त होऊन यॉर्कशायरच्या स्कारबरोला परतले. राणीच्या वैद्यकीय परिवारात त्यांना मानाचे पद मिळाले. पहिली पत्नी वारली होती. १८९० मध्ये, साठीला टेकल्यावर, त्यांनी मेरी एलन रॉबिसन यांच्याशी लग्न केले आणि त्यांना दोन मुले झाली. उशिरा का होईना, घर मिळाले. पण क्षयाने गाठले आणि ४ मे १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर ‘ग्रेज ॲनाटॉमी’च्या कित्येक आवृत्त्या निघाल्या होत्या आणि तिची चित्रे कुणी काढली हे बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हते.

त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत बोस्टनला जेम्स होमर राइट यांच्याकडे एका महिलेचा सुजलेला पाय तपासणीला आला. त्यात काळे कण होते. राइट यांनी ते कण काळजीपूर्वक धुतले, निर्जंतुक पोषकद्रव्यावर पेरले आणि वाट पाहिली. कणांमधून बुरशीचे तंतू उगवले.